चिमाक्काच्या म्हातारपणाचा शिधा

कोंडगडच्या राजाचा मुदपाकखाना चिमाक्कानं उभा जन्म सांभाळला. गुडघे थकले तेव्हा तिनं राजाकडं एकच मागितलं, उरलेलं आयुष्य सुखानं जाईल एवढा शिधा. तो किती असावा हे ठरवायचं काम राजानं दिवाण त्र्यंबकरावांवर सोपवलं. दिवाणजी फार विद्वान. दुसऱ्याच्या भुकेचा अंदाजसुद्धा ते पोथी बघून करायचे.

भर दरबारात ते म्हणाले, "म्हातारीचं पोट ते केवढं! दिवसाला मूठभर नाचणी आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात माणूस सुखानं जगतो, वर उरतंसुद्धा!"

दरबारी माना डोलवू लागले. डोलवणारच, त्यांची पोटं भरलेली होती.

चिमाक्का म्हणाली, "कबूल, दिवाणजी. फक्त तुमचाच नियम पाळा. महाराजांच्या अन्नात दगा नको म्हणून, जो रांधेल त्यानं आधी खावं, मग वाढावं, असा हुकूम तुम्हीच काढलात ना? त्यापायी जन्मभर जीभ भाजून घेतली मी. आज हा शिधा तुम्ही रांधलाय. महिनाभर तुम्ही खा, सुखानं जगून दाखवा, मग मला वाढा."

राजाला हसू आवरेना. "रास्त आहे. त्र्यंबकराव, आजपासूनच!"

तिसऱ्या दिवशी दिवाणजी भिंत धरत दरबारात आले. हिशेबात बारीकशी चूक राहिली होती, म्हणाले. नव्या हिशेबात तांदूळ, डाळ, तूप, गूळ, सगळं आलं होतं.

चिमाक्कानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि लोणचं? का अजून एक दिवस थांबू?"