भर फडात घातलेली मागणी

कळमवाडीच्या देशमुखांना 'नाही' ऐकायची सवयच नव्हती. दोन बायका वारल्या, मिशीला कलप लागला, तरी तिसऱ्या लग्नाची हौस काही जाईना. जत्रेत कुस्त्या रंगात आल्या असताना ते उठले, हलगी थांबवली आणि पैलवानासाठी हार घेऊन आलेल्या सगुणाला म्हणाले, "तो हार आमच्या गळ्यात घाल, पोरी. आम्ही तुला मागणी घालतोय."

सगुणाचा बाप पांढराफटक पडला. त्याचा फुलमळा देशमुखांच्याच जमिनीत होता. नकार दिला की मळा गेलाच. म्हणून तर देशमुखांनी भर फडात विचारलं होतं.

सगुणा गडबडली नाही. "सरकार, आधी गावाला विचारते," असं म्हणून ती लोकांकडे वळली. "सरकारांसारखा जावई मिळणं भाग्याचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

देशमुखांची नजर फिरली, तसे झाडून सगळे हात वर गेले. त्यांच्या कारभाऱ्याने तर दोन्ही हात वर केले.

"मग एवढ्या थोरांचं भाग्य मी माळ्याच्या पोरीने कसं हिरावून घ्यावं?" सगुणा म्हणाली. "ज्यांच्या घरी लग्नाची लेक आहे, त्यांनी हात तसाच ठेवा. सरकार त्यांतूनच निवडतील."

कारभाऱ्याला लग्नाच्या दोन मुली होत्या. सगळ्यांत आधी त्याचेच हात खाली आले.

देशमुख बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली बसत म्हणाले, "हार पैलवानाला घाला. हलगी वाजू द्या."