शेवंतीची तिसरी हाक

पांघरुणं घ्या आधी. हं, आता ऐका.

तळ्याकाठच्या एका गावात होती एक शेवंती. दुसरीत जायची. त्या गावात रीत अशी, की कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, बरं का. तिसरी हाक आली, की समजायचं माणूस.

मग व्हायचं काय, शाळेत बसली की शेवंतीच्या ओटीपोटातून हाक यायची, "शेवंते, ऊठ." पोरगी घाबरायची. पोटात भूत! पाय आवळून गप्प बसायची. मग दुसरी हाक. तरी गप्प. तिसरी येईपर्यंत परकर ओला. पोरं मेली नाक धरून हसायची. बाई चांगल्या होत्या गं, पण ही सांगेल तर ना कुणाला!

एकदा भर दुपारी ती शाळेतून पळाली, ती थेट तळ्यावर. परकर पिळत रडली, "आता शाळेत जायचंच नाही. घरीसुद्धा नाही."

तोच वारा पडला. बेडूक गप्प झाले. पाण्यातून एक बाई वर आली. केसांतून पाणी गळतंय, लुगड्यातून गळतंय, थांबतच नाही. आसरा ती! माणसाला पाण्यात ओढून नेते.

"शेवंते, ये. आमच्यात सगळ्याच ओल्या. कुणी हसत नाही."

शेवंतीला इतकं बरं वाटलं! ओ नाही दिली, पण पाऊल टाकलं.

"शेवंते, ये ना." पाणी गुडघ्याला लागलं. गारढोण.

मग तिसरी हाक आली. पण आसरेचं तोंड तर मिटलेलं! हाक पोटातून आली होती.

"ही तू नाही मारलीस?" शेवंतीनं विचारलं.

"आतली हाक जिवंत माणसालाच येते," आसरा म्हणाली. "मला नाही येत." आणि रडायला लागली.

शेवंती जी पळाली, ती झुडपामागे जाऊन बसली. परकर भिजला होता तो फक्त तळ्याच्या पाण्यानं! मग शाळेतल्या बाईंना सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आतली हाक आली की पहिल्याच खेपेला ऊठ. मला विचारूसुद्धा नकोस." कधीमधी उशीर व्हायचा, तेव्हा बाईंच्या कपाटात दुसरा परकर असायचा. हळूहळू तोही लागेना. शेवंती शिकली, सुखात राहिली.

आसरा अजून आहे तिथं. दुपारची हाक मारते, दोनदाच.

सुमे, पाय का हलवतेस गं? आली ना हाक? ऊठ, मी दिवा धरते. मोरीत जाऊन ये, मग झोप.