बाकी राहिलेला राउंड

"हरलात म्हणूनच देवाकडे पळालात ना?"

रुबेननं सलामही न करता विचारलं.

अमोलिक पाळक चर्चच्या पायरीवर सतरंजी झटकत होते. तरुणपणी दहा हजार मीटर धावायचे. आता रविवारी उपदेश करायचे, तोही तेवढाच लांब.

"पळालो कुठं? चालत आलो. पायाला फोड आले होते."

रुबेन हसला नाही. म्हाताऱ्यांना विनोद सुचला की समजावं, यांच्याकडे उत्तर नाही, असं त्याचं पक्कं मत. असल्याच मतांपायी त्यानं कॉलेज सोडलं होतं. काल धावणंही सोडलं.

"काय झालं काल?"

"शेवटच्या राउंडची घंटा वाजली. जीव तोडून पळालो, हात वर केले… पंच ओरडला, 'अरे, घंटा पहिल्या नंबरवाल्याची! तू मागं पडलायस, तुझा एक राउंड बाकी आहे!' सगळं मैदान हसलं. बूट काढले नि घरी आलो. आता पुन्हा धावणार नाही. संपलं."

पाळक इतके हसले, की सतरंजी हातातून सुटली.

"हसा! तुम्हीच तेवढे राहिला होतात!"

"लेका, तू नुसते हात वर केलेस. मीही असाच चुकलो होतो; मी तर गुडघे टेकून प्रार्थना सुरू केली होती. पंचानं बखोटं धरून उठवलं."

"…मग?"

"उरलेला राउंड धावलो. नववा आलो."

"कितीजणांत?"

"नऊ."

रुबेननं ओठ आवळून हसू दाबलं.

"ह्यात देव कुठं भेटला?"

पाळकांनी चपला काढल्या. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"चल. तुझा राउंड राहिलाय."

मैदानावर कालच्या चुन्याच्या रेघा अजून होत्या. रुबेन सुसाट सुटला. म्हाताऱ्याला दाखवायचंच होतं. राउंड संपवून वळून बघतो, तर पाळक अजून पार पलीकडच्या वळणावर! विजारीचा एक पाय खाली घसरलेला, चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा.

निघून जावं, असं त्याला वाटलं.

गेला नाही.

"या, पाळकसाहेब! अहो, थोडंच राहिलंय… या!"

पाळक पोचले. गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ धापा टाकत राहिले.

"आता तरी सांगा. देव कुठं भेटला?"

"आधी तू सांग…"

पाळकांनी श्वास घेतला.

"तू माझ्यासाठी थांबलास कशाला?"