पुढचं पान

सूक्ष्मजीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेला आलेले डॉ. खांबेटे म्हणजे साक्षात जमदग्नी. सकाळपासून अठरा जणांची जर्नलं चाळून त्यांनी अठराही जणांना रडवलं होतं. एकोणिसावी हर्षला, आधीच दोनदा नापास झालेली.

"जंतू एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात? पुस्तकातलं नको, आत्ता इथे दाखव. नाहीतर घरी जा!"

तेवढ्यात हर्षलाला सरांचं ओलं बोट दिसलं.

"सर, माझ्या जर्नलचं पुढचं पान उलटता?"

सरांनी सवयीनं बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

"झालं, सर! अठरा जणांचे जंतू तुमच्या जिभेवर गेले, आणि तिथून आता माझ्या पानावर उतरले."

सर चूळ भरायला धावले. परत येऊन त्यांनी हर्षलाला पास केलं आणि उरलेल्या बावीस जर्नलांवर, एकही न उघडता, सह्या ठोकल्या.