तांबेऱ्याशेजारची ओळ

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. संशोधन केंद्राच्या शेतात सतरा नंबरच्या नव्या गव्हाला चैन पडेना. शेजारच्या ओळीतल्या जुन्या गव्हावर तांबेरा रोग पडला होता आणि वारा तिकडूनच येत होता.

त्याने जुन्या गव्हाला विचारलं, "आजोबा, तुम्हाला दरवर्षी रोग होतो. तरी केंद्रातल्या संशोधक कालिंदीबाई तुम्हालाच का पेरतात?"

"मला रोग व्हावा म्हणूनच. तो तुला लागतो का, ते त्यांना बघायचंय."

तेव्हापासून वारा सुटला की सतरा नंबर थरथरायचा.

ओंब्या भरल्या तेव्हा बाईंनी त्याची पानं उलटून पाहिली. एकही डाग नव्हता. "हा टिकला," त्या म्हणाल्या.

सतरा नंबर आनंदाने आजोबांकडे वळला. ते करपून गेले होते.

कापणीला बाईंनी आजोबांचे चिरमटलेले दाणे जपून डबीत भरले. "पुढच्या वर्षी सगळ्यांत आधी हेच पेरायचेत."