राणीच्या पोथीची घोडी

एका राज्यात राजाचा भारद्वाज झाला होता. भारद्वाज, तो तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा पक्षी. सिंहासनाच्या पाठीवर बसून तो न्याय करी, पण मधेच खिडकीत नाकतोडा दिसला की न्याय तसाच टाकून उडे. वादी-प्रतिवादी एकमेकांकडे बघत बसत.

झालं होतं असं. मायाधर जादूगार दरबारात गायला, आणि गाणं ऐन रंगात असताना राजाला डुलकी लागली. डुलकी कुणाला लागत नाही? मला तर माझंच बोलणं ऐकताना लागते. पण जादूगाराला कोण समजावणार! त्याने राजाला शाप दिला आणि गाण्याची पोथी राणीपुढे हवेत सोडली.

"राणी, यातलं गाणं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून गा. पोथीला माणसाचा हात लागू नये. तुझी मान वर जाऊ नये, खालीही जाऊ नये. चुकलीस की पाठ चार बोटं वाकेल. तीनदा चुकलीस की राजा कायमचा पक्षी."

"मग पोथी ठेवू कशावर?" राणी हंसावतीने विचारलं.

"घरच्या माणसाने घरी घडवलेल्या लाकडावर. सुताराचा हात लागला तर राख होईल." एवढं बोलून तो धूर होऊन गेला.

घरचं माणूस एकच, राजकन्या कुमुदिनी. वय बेचाळीस. करवत तिने फक्त चित्रात पाहिली होती.

"जमेल?" भारद्वाजाने विचारलं.

"न जमून सांगते कुणाला, आबासाहेब?"

घाई होती. राजा रोज माणसांचे शब्द विसरत होता, आणि रोज जास्तच. काल 'मीठ' विसरला, आज 'चप्पल'.

कुमुदिनीने वाड्यामागचा जुना सागवानी दरवाजा फोडला. करवत वाकडी चालली, रंधा अडकला, बोटाला चिंधी आली. तिसऱ्या दिवशी घोडी उभी राहिली. खाली तीन पाय, मधे दांडा, वर पोथी टेकायला उतरती फळी. कुमुदिनीने आरशासमोर उभं राहून डोळ्यांइतकी उंची घेतली होती. पोथी आपण होऊन फळीवर येऊन बसली.

राणी तंबोरा घेऊन आली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. पोथी तिच्या डोक्याच्या हातभर वर राहिली.

"बाळ," राणी म्हणाली, "मी उभ्याने कधी गायले गं?"

पहिल्याच ओळीला तिची मान वर गेली. पाठ चार बोटं वाकली.

कुमुदिनी रडली, नाक पुसलं आणि सुतळी घेऊन आली. "आईसाहेब, बसा. नीट माप घेते."

राणी बसली. लेकीसमोर बसली ती अगदी ताठ. कुमुदिनीने सुतळीला गाठ मारली, गाठीच्या मापाने दांडा कापला. दुसऱ्या खेपेला पहिलं पान उत्तम झालं. दुसऱ्या पानावर राणी गाण्यात रमली, ताठ बसायचं विसरली, खांदे खाली आले. पोथी उंच राहिली, मान वर गेली. पाठ आणखी चार बोटं वाकली.

"आईसाहेब! माप घेताना ताठ का बसलात?"

"तुझ्यासमोर वाकून बसू?" राणी म्हणाली. "उगीच काळजी करतेस मग."

कुमुदिनीने करवत उचलली आणि परत ठेवली. दांडा आणखी कापला आणि आई पुन्हा ताठ बसली, तर तो काही लांब होणार नव्हता, आणि आता संधी एकच होती.

भारद्वाज खिडकीत बसून तिच्याकडे बघत होता. "तुझी आई," तो म्हणाला, "तिचं नाव... तिचं नाव काय?"

त्या दिवशी कुमुदिनीने सुतळी फेकून दिली. आई तंबोऱ्यावर रियाज करत असताना ती दाराआडून नुसती बघत बसली. सुरुवातीला आई ताठ बसे, मग एक बोट उतरे, मग दोन. एका तानेला पुन्हा वर येई. या बाईचं एक माप नव्हतंच.

मग तिने दोन पट्ट्या उभ्या केल्या, त्यांच्यामधे तिसरी सरकती ठेवली, आणि तिन्हींना बोट-बोट अंतरावर भोकं पाडली. आरपार एक खुंटी. खुंटी काढावी, पट्टी सरकवावी, खुंटी घालावी. फळीमागे आरामखुर्चीसारखा खाचांचा टेकू दिला, म्हणजे फळी हवी तेवढी कलेल. चार भोकं वाकडी पडली. ती नव्याने पाडली. त्यातलीही एक वाकडीच.

तिसऱ्या खेपेला भारद्वाज नुसताच "हुप, हुप" करत होता. त्याचे सगळे शब्द संपले होते.

"आईसाहेब, ताठ बसू नका," कुमुदिनी म्हणाली. "गाल तशा बसा. बाकीचं माझ्याकडे."

"मी उतरले तर?"

"मी लाकूड उतरवीन. हात पोथीला लावायचा नाही, लाकडाला चालतो."

राणी गाऊ लागली. पानं आपली आपण उलटत होती. राणी एक बोट उतरली, कुमुदिनीने खुंटी एक भोक खाली घेतली. राणी वर आली, खुंटी वर. दोघींना बोलावं लागलं नाही. शेवटच्या पानावर राणी फार थकली, फार खाली आली. कुमुदिनी गुडघ्यांवर बसली आणि सरकवत राहिली. शेवटचं अक्षर राणीच्या डोळ्यांसमोर होतं, तिथंच, अगदी समोर.

मायाधराची पोथी मिटली आणि उडून गेली. खिडकीत राजा उकिडवा बसला होता, डोक्याला एक तांबूस पीस चिकटलेलं.

"हंसा," तो म्हणाला. "जागाच होतो मी. सगळं ऐकलं."

राणीची जादूची आठ बोटं सरळ झाली. वयाची दोन बोटं तशीच राहिली. ती कोणत्या शापाची नव्हती. दुसऱ्या दिवशी राजाने पाटावर बसून जेवायला मीठ मागितलं, आणि दरबारात अडकलेले सतरा खटले निकालात काढले. नाकतोडा दिसला की अजून त्याची नजर हलते, तेवढं चालायचंच.

घोडी राणीच्या सतरंजीपुढे उभी आहे. दर वर्षी कुमुदिनी गुपचूप खुंटी एक भोक खाली घेते. राणी गायला बसते, घोडीकडे बघते आणि म्हणते, "लाकूड बसत चाललंय गं, बाळ."

"हो आईसाहेब," लेक म्हणते. "सागवान आहे. बसतं."