हत्तीचं वजन

टीव्ही नुकते भिंतीवर चढले होते, तेव्हाची गोष्ट. सावर्डेकरांच्या दिवाणखान्यात पाच स्पीकर आणि खोल, जड आवाज काढणारा एक सबवूफर राहायला आले. स्पीकरांना उंच जागा मिळाल्या, जाडजूड सबवूफरला खिडकीखालचा कोपरा.

“तुला एक शब्दही बोलता येत नाही, नुसता घुमतोस,” मधला स्पीकर म्हणाला. “आमचं बोलणं बिघडवतोस.”

सबवूफर दुखावला आणि गप्प झाला.

संध्याकाळी पडद्यावर चिडलेला हत्ती धावत आला. स्पीकरांनी जीव तोडून आवाज काढला, पण पावलं टिचकीसारखी वाजली. सावर्डेकरांची छोटी ऋचा खुदकन हसली. “बाबा, हत्ती कागदाचा आहे का?”

मधला स्पीकर ओशाळला. “दादा, हत्तीचं वजन आमच्याकडे नाही. तू बोल ना.”

सबवूफर हळूच घुमला. ऋचाने बाबांचा हात घट्ट धरला.